वर्धेचे खानखोजे आणि मेक्सिकोतला पंधरा ऑगस्ट

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, असा फतवा संपादक मंडळाने काढला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असं आधी मनात आलं. पण गॅदरिंग, मधल्या सुट्टीतली बोरं आणि पी.टी.च्या सरांची शिट्टी यांवर निदान पंधरा लेख येणार हे दिसतंच आहे. म्हणून मी आपल्या गावच्या एका माणसाबद्दल लिहितो. आपण वर्धेत शिकलो, 1985 मध्ये दहावी झालो आणि त्या सगळ्या वर्षांत मी तरी त्यांचं नाव एकदाच ऐकलं. नववीत गदर पक्षाचा धडा चालू असताना इतिहासाच्या सरांनी पुस्तक मिटून सांगितलं होतं की, या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक जण आपल्या वर्धेचा होता. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. परीक्षेला येणार नाही म्हटल्यावर आपण कोणी ते वहीत उतरवून घेतलं नाही. सर, चाळीस वर्षं उशिरा का होईना, तो गृहपाठ आता पूर्ण करतो.

मला ते नाव पुन्हा आठवलं ते 2024 मध्ये. मी राहतो डॅलसला. 4 जूनला भारतात लोकसभेची मतमोजणी सकाळी आठला सुरू झाली तेव्हा आमच्याकडे 3 जूनच्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बायको झोपायला गेली, मुलांना त्यात रस नव्हता, आणि मी पहाटेपर्यंत फोनवर वर्धा मतदारसंघाचे आकडे बघत बसलो. वास्तविक मला मत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला त्या दिवशी भारताचा परत करावा लागला. त्याच्या मुखपृष्ठाचा कोपरा कापून तो आठवण म्हणून हाती दिला गेला. म्हणजे तो निकाल कायद्याने माझा नव्हता. तरी झोप येईना. त्या जागरणात सरांचं ते वाक्य कुठून तरी वर आलं, आणि मग मी खानखोज्यांबद्दल मिळेल ते वाचायला लागलो.

त्यांचा जन्म नोव्हेंबर 1884 चा. आजोबा सत्तावनच्या धामधुमीत होते, असं घराण्यात सांगितलं जाई. प्राथमिक आणि मधलं शिक्षण वर्धेत, पुढचं नागपुरात. आपल्यातल्या निम्म्यांनी अकरावी-बारावीला जो रस्ता धरला तोच. तो काळ टिळकांचा. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट आली, त्याच वर्षी जपानने रशियाला हरवलं, आणि आशियातला देश युरोपातल्या सत्तेला लढाईत नमवू शकतो हे शाळकरी पोरांनाही कळलं. पांडुरंगाच्या डोक्यात एकच घेतलं होतं: इंग्रजाला घालवायचं तर सैन्य लागेल, आणि सैन्याचं शिक्षण इथे मिळणार नाही. टिळकांचा सल्ला घेऊन 1906 च्या सुमाराला हा पोरगा देशाबाहेर पडला. आधी जपान, तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. वय बावीसच्या आसपास.

पुढची पंधरा-सोळा वर्षं वाचताना मला दम लागला, म्हणून ती भरभर सांगतो. कॅलिफोर्नियात त्यांनी माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षण घेतलं आणि ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्राचं. तिथल्या लाकडाच्या गिरण्यांत आणि मळ्यांत पंजाबी मजूर मोठ्या संख्येने होते. सोहनसिंग भकना, पंडित काशीराम यांच्याबरोबर खानखोज्यांनी त्या मजुरांत काम सुरू केलं. लाला हरदयाळ आले आणि 1913 मध्ये गदर पक्ष उभा राहिला. त्याच भागात त्यांना मेक्सिकन मजूरही भेटले. मेक्सिकोत 1910 मध्ये क्रांतीला तोंड फुटलं होतं, आणि जमीन कसणाऱ्याच्या हाती जमीन हवी ही त्या क्रांतीची मागणी या शेतीच्या विद्यार्थ्याच्या मनात रुजली. महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात शिरायचा बेत होता. इंग्रजांच्या फौजेशी चकमकी झाल्या, ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले. बेत फसला. युद्धानंतर बर्लिन, 1921 मध्ये तिथल्या हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्को. हिंदुस्थानात परतण्याचा रस्ता बंद होता, कारण सरकारच्या काळ्या यादीत नाव चढलं होतं. युरोपातही कोणी फार काळ राहू देईना. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. तेव्हा त्यांचं वय चाळीस. हातात ना सैन्य ना पैसा, फक्त शेतीची पदवी.

मला खरी गोष्ट इथून पुढची वाटते. गदर पक्षातले खानखोजे पुस्तकांत सापडतात. मेक्सिकोतले खानखोजे हे एक मास्तर आहेत, आणि ही स्मरणिका मास्तरांच्या हातीही जाणार आहे.

मेक्सिको शहराजवळ चापिंगो इथे तेव्हा राष्ट्रीय कृषी विद्यालय होतं. पूर्वी तिथे एका बड्या जमीनदाराची वाडी होती. क्रांतीनंतर ती सरकारकडे आली आणि शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवायला विद्यालय तिथे आणलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या ओळखीचा एक मेक्सिकन मित्र, रामोन दे नेग्री, तोवर सरकारात मोठ्या जागेवर गेला होता. त्याच्या मदतीने खानखोजे तिथे शिकवायला लागले. स्पॅनिश शिकले. मका, गहू, कडधान्यं, रबर यांवर संशोधन केलं. थंडीत आणि कमी पावसात टिकणारे वाण शोधले. मका तर मेक्सिकोचाच, जगाला त्या देशाने दिलेला. त्या मातीत, कपाशी आणि ज्वारीच्या मुलखातून आलेला हा माणूस मेक्सिकन शेतकऱ्याला मका कसा सुधारायचा हे दाखवत होता. त्यांनी ते ऐकून घेतलं, याचं मला जास्त नवल वाटतं. आपल्याकडे एखाद्या परक्याने येऊन पराटी कशी लावायची ते सांगितलं असतं तर काय झालं असतं ते आपल्याला माहीत आहे.

विद्यालयाच्या भिंतीआड सगळे शेतकरी येऊ शकत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा शाळाच खेड्यात न्यायची असं ठरलं. विसाव्या दशकाच्या अखेरीला त्यांनी शेतीच्या मोफत शाळा काढल्या. त्यातल्या एकीला क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचं नाव होतं. फी नाही, वयाची अट नाही, शेत हाच वर्ग. टीना मोदोत्ती ही पुढे जगभर नाव झालेली छायाचित्रकार त्यांच्या कामाचे फोटो काढत असे. दिएगो रिवेरा हा मेक्सिकोचा सर्वांत मोठा भित्तिचित्रकार त्यांचा स्नेही होता. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने कष्टकऱ्यांची एक पंगत रंगवली आहे. मेजाच्या मध्यभागी बसून भाकर मोडणारा जो माणूस आहे तो खानखोजे, असं सांगतात. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर वर्धेचा विद्यार्थी! आपल्या शाळेच्या हॉलमध्ये थोर पुरुषांच्या तसबिरींची जी रांग होती, तिच्यात मात्र हे नव्हते.

1936 मध्ये त्यांनी जान या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. त्यांची नावं ठेवली सावित्री आणि माया. मेक्सिकोचं नागरिकत्व त्यांनी घेतलं होतं. दुसरा कुठला पासपोर्ट त्यांना मिळणारच नव्हता.

आता थोडं गावाकडे येतो, कारण या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट त्यांच्या गैरहजेरीत घडली.

खानखोजे वर्धेतून निघाले तेव्हा वर्धा हे कापसाच्या बाजाराचं आणि रेल्वेच्या जंक्शनचं गाव होतं. राजकारण करायचं तर पुण्याला किंवा कलकत्त्याला जावं, आणि इंग्रजाशी लढायचं तर समुद्रापार. म्हणून ते गेले. आणि मग देशाचं राजकारणच त्यांच्या गावाला आलं. डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला. 1923 चा झेंडा सत्याग्रह नागपुरात झाला. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी तिसाव्या दशकात वर्धेला आले, 1936 मध्ये शेगावला राहायला गेले, आणि त्या शेगावचं सेवाग्राम झालं. 1937 मध्ये नव्या शिक्षणाची परिषद वर्धेत भरली. हाताने काम करत शिकायचं, ही नयी तालीमची कल्पना जगात वर्धा योजना म्हणून ओळखली गेली. हे मी वाचलं तेव्हा क्षणभर थांबलो. चापिंगोच्या आसपासच्या खेड्यांत खानखोजे शेतातच शाळा भरवत होते त्याला तेव्हा दहाएक वर्षं होत आली होती. एकाच गावाशी नातं असलेली दोन माणसं, पृथ्वीच्या दोन टोकांना, शाळेबद्दल जवळजवळ सारखाच विचार करत होती. एकाचा मार्ग चरख्याचा, दुसरा बंदुकीच्या मार्गाने निघून नांगरापाशी पोचलेला.

आणि 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला तो कुठे? वर्धेत. मुंबईचं गवालिया टँक सगळ्यांना आठवतं, पण त्या ठरावाची पहिली बैठक आपल्या गावची. महिनाभरात आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीत लोकांनी पोलीस ठाण्यावर चाल केली आणि रक्त सांडलं. आपल्यातल्या काही जणांचे आजोबा त्या धरपकडीत होते. त्यांच्या घरच्या गोष्टी आपण डबा खाताना ऐकलेल्या आहेत.

ज्या गोष्टीसाठी एकाने घर, भाषा, आईवडील सोडले ती गोष्ट त्याच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घडत होती, आणि तो तेव्हा मेक्सिकोत होता. वर सोय अशी की 1942 च्या मे महिन्यात मेक्सिको महायुद्धात उतरला तो दोस्तांच्या, म्हणजे इंग्लंडच्या बाजूने. पहिल्या महायुद्धात इंग्रजाच्या शत्रूंचा आसरा घेतलेला क्रांतिकारक दुसऱ्या महायुद्धात इंग्रजाच्या मित्रराष्ट्राचा नागरिक होता. मेक्सिकन वर्तमानपत्रांत हिंदुस्थानची बातमी येणार ती परदेशी वृत्तसंस्थांकडून, दोन-चार ओळींची. वर्धा हे नाव त्या स्पॅनिश मजकुरात छापून येत असेल तर ते वाचणारा आणि उच्चार बरोबर करणारा त्या देशात बहुधा एकच माणूस असणार.

मग 1947. दिल्लीत मध्यरात्रीचे बारा वाजले तेव्हा मेक्सिको शहरात 14 ऑगस्टच्या दुपारचे साडेबारा झाले होते. मी हा हिशेब मुद्दाम करून पाहिला, कारण डॅलस आणि मेक्सिको शहर घड्याळाच्या एकाच पट्ट्यात येतात; उन्हाळ्यात आम्ही काटे तासभर पुढे करतो तेवढाच फरक. भर दुपार, कामाची वेळ. ऑगस्ट हा तिथल्या पावसाळ्याचा महिना, मका पुरुषभर उंच झालेला असतो. भारताची वकिलात मेक्सिकोत नव्हतीच, दोन देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले ते 1950 मध्ये. म्हणजे जिथे जाऊन झेंड्याला सलाम करावा असं एकही अंगण नव्हतं. आज आमच्या इथे पंधरा ऑगस्टला परेड निघते, ढोलताशा असतो, समोसे मिळतात. शेजारच्याला सांगावं लागतं तरी की आज काय आहे. खानखोज्यांनी तेवीस वर्षं मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन पाहिला होता: 15 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतो, जयघोष करतो, आणि खालचा चौक त्याला ओ देतो. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा तो गजर दर वर्षी ऐकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या देशाची घंटा अखेर वाजली ती दुपारी साडेबाराला, सात समुद्रांपलीकडे. त्यांचं वय बासष्ट होतं. घर सोडून एक्केचाळीस वर्षं झाली होती. बरोबरचे बरेच जण तोवर गेले होते. काशीरामांना तर इंग्रजांनी 1915 मध्येच फाशी दिलं होतं.

यापुढचा भाग लिहिताना मला अजूनही चीड येते. देश स्वतंत्र झाला, आता परत यायला कसली आडकाठी? खानखोज्यांनी परवानगी मागितली आणि ती अडली. इंग्रजांनी केलेली काळी यादी नव्या सरकारच्या कपाटात जशीच्या तशी आली होती, आणि तिच्यात त्यांचं नाव होतं. ज्या गुन्ह्यासाठी ते नाव लिहिलं गेलं त्याच गुन्ह्याने हा देश स्वतंत्र व्हावा असं त्यांना वाटलं होतं! कोणी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. कारकुनाने यादी उघडली, नाव सापडलं, शिक्का मारला. मी स्वतः व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या रांगांत इतका उभा राहिलोय की तो कारकून मला डोळ्यांसमोर दिसतो. पण दिसतो म्हणून चीड कमी होत नाही. यथावकाश ती अडचण दूर झाली, आणि 1949 मध्ये आपल्या प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून, शेतीतला सल्लागार म्हणून, ते भारतात येऊन गेले. येऊन गेले. पाहुणे म्हणून.

कायमचे आले ते 1955 मध्ये. नागपूरला राहिले. ते निघाले तेव्हा मध्यप्रांत होता, परतले तेव्हा त्याचा मध्यप्रदेश झालेला. वर्षभरात नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. मॅट्रिकच्या वयात ज्यांच्याशी बोलायचे ती माणसं बव्हंशी राहिली नव्हती. पत्नी बेल्जियन, मुली मेक्सिकोत वाढलेल्या आणि बाहेर नागपूरचा उन्हाळा. परतून आलेल्या माणसाचं कौतुक आपल्याकडे आठ दिवस होतं, नववा दिवस त्याचा त्याला काढावा लागतो. आपल्यातले जे परदेशातून परत वर्धेला-नागपूरला येऊन राहिले आहेत त्यांना हे मी सांगायला नको. सत्तरी ओलांडलेल्या, अर्धं जग पाहिलेल्या, मक्यावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञाचं काय करायचं ते आपल्या व्यवस्थेला काही सुचलं नाही, असं माझं मत आहे. ते चुकीचं असेल तर सर दुरुस्त करतील.

1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. लेर्मा रोहो आणि सोनोरा या त्या बुटक्या जाती. नॉर्मन बोरलॉग 1944 पासून मेक्सिकोत ज्या संशोधनात होते त्याचं ते फळ, आणि आपली हरितक्रांती त्या पोत्यांतून सुरू झाली. ते वाण खानखोज्यांचे नव्हेत, त्यामुळे श्रेयाची ओढाताण मला करायची नाही. पण मेक्सिकोचं बियाणं भारताच्या बंदरात उतरत होतं त्या वर्षी, मेक्सिकोच्या शेतकऱ्याला सुधारित बियाणं पेरायला शिकवणारा एक माणूस नागपुरात हयात होता. 22 जानेवारी 1967 ला ते गेले. आपल्यापैकी कोणाचाच तेव्हा जन्म झालेला नव्हता.

2022 च्या सप्टेंबरात चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवला गेला, लोकसभेचे अध्यक्ष त्यासाठी मेक्सिकोला गेले होते. मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी. मागच्या डिसेंबरात मला चार दिवस सुट्टी होती. डॅलसहून मेक्सिको शहर विमानाने अडीच-तीन तासांवर आहे. गेलो. शिक्षण मंत्रालयाच्या त्या भिंतीपुढे उभा राहिलो आणि बायकोने माझा फोटो काढला. तो ग्रुपवर टाकला होता, तुम्ही त्यावर अंगठे दिले. मागे दिसणारी पंगत कोणाची हे एकाच मैत्रिणीने विचारलं, म्हणून हा एवढा लेख.

ज्यांना पुढे वाचायचं असेल त्यांच्यासाठी: त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं आहे. आणि मराठीत वीणा गवाणकरांचं 'डॉ. खानखोजे : नाही चिरा' आहे. याच गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्या वाचनालयात होतं आणि त्याचं मागचं पुठ्ठं कायम निखळलेलं असायचं. स्नेहमेळाव्याला येताना मी 'नाही चिरा'च्या दोन प्रती आणतोय. एक वाचनालयासाठी. दुसरी इतिहासाच्या सरांसाठी. पहिल्या पानावर आपल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, तेव्हा नोंदणीच्या टेबलाशी थांबा.